निघालंय कुठं?

हमीदमामांना कुणी किती वाजले असं विचारलं, की ते बॉयलर हाऊसच्या दारापर्यंत जात, बाहेरच्या उन्हाकडं डोळे बारीक करून बघत आणि परत येऊन सांगत, "दुपार उतरायला लागलीय." विचारणाऱ्याला शिरूरची बस गाठायची असे. तो वैतागून म्हणे, "अहो मामा, पण वाजलेत किती?" मामा शांतपणे म्हणत, "ते घड्याळाला इचारा. येळ निघालीय कुठं, ते मी सांगितलं."

आकड्याशी त्यांचं काहीतरी जुनं वैर असावं, असं सगळ्या मिलमध्ये बोललं जाई. नोकरीच्या फॉर्मवर वयाच्या रकान्यात त्यांनी 'उतरतं' असं लिहून दिलं होतं. क्लार्कनं ते खोडून आपल्या अंदाजानं आकडा टाकला. त्यामुळं मामा रिटायर कधी होणार हे मामांच्या नव्हे, तर त्या क्लार्कच्या हातात होतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. शिक्रापूरच्या पुढं एक पेपर मिल होती. उसाची चिपाडं शिजवून त्याचा खाकी कागद करायचा, एवढाच धंदा. मी शिरूरचा. पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून तिथं नवा नवा लागलो होतो. पहिल्याच दिवशी हातात वही घेऊन, नवा शर्ट घालून मी बॉयलरपाशी गेलो आणि रुबाबात म्हणालो, "मामा, दाब दहा पॉइंट दोन आहे."

"बरं," मामा म्हणाले. "निघालाय कुठं?"

"म्हणजे?"

"गाडी ष्टेशनात उभी हाय, एवढंच तुम्ही सांगितलं. तोंड पुण्याकडं हाय का सोलापूरकडं, ते सांगा की."

दाब चढत होता, उतरत होता की बसला होता, हे मी पाहिलंच नव्हतं. मी फक्त आकडा उतरवून घेतला होता, आणि तोही पॉइंटसकट.

मामा दौंडचे. त्यांचे वडील दौंडच्या लोको शेडला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. त्यामुळं मामांच्या बोलण्यात गाडी, रूळ आणि सिग्नल कायम असत. घर दौंडला. मामांनी तळेगाव ढमढेऱ्यात एक खोली भाड्यानं घेतली होती. आठवड्याचे सहा दिवस ते तिथं राहायचे आणि गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी जायचे. बत्तीस वर्षं कुठं ना कुठं बॉयलरच सांभाळत आले होते, असं लोक म्हणत. बत्तीस हा आकडा अर्थातच लोकांचा.

बॉयलरच्या मागच्या भिंतीवर त्यांनी खडूनं एक भलंमोठं चित्र काढलेलं होतं. कोळसा, आग, वाफ, दाब, पाणी अशी नावं गोलात लिहिलेली, आणि एका गोलाकडून दुसऱ्याकडं बाण. काही बाणांचं टोक वर, काहींचं खाली. ह्याला ते 'वंशावळ' म्हणत.

"कोण कुणाला ढकलतंय, एवढंच लिवायचं," त्यांनी मला समजावलं. "कोळसा वाढला, आग वाढली. आग वाढली, वाफ वाढली. वाफेनं दाब चढला. तिकडं कुणी चिपाडाच्या हंड्याला वाफ सोडली, दाब उतरला. झालं. सगळा बॉयलर हितं हाय."

"पण मामा, किती वाढला, किती उतरला?"

"ते देवाला म्हाईत. आपल्याला त्येच्याशी काय करायचंय?"

ही विद्या ते बॉयलरपुरती ठेवत नसत, हीच खरी पंचाईत होती. कँटीनची आमटी पातळ का होते, ह्याची त्यांनी वंशावळ काढली होती. बाहेरच्या ट्रकवाल्यांना जेवायला बसवलं की माणसं वाढतात, माणसं वाढली की आमटीत पाणी वाढतं, पाणी वाढलं की माणसं भात जास्त घेतात, भात संपला की आचारी चिडतो, आणि चिडला की दुसऱ्या दिवशी आमटी आणखी पातळ. "हे फिरत राहणार," मामा म्हणाले होते. "मधनं एक बाण तोडल्याबिगर थांबायचं न्हाई." तोडायचा बाण कोणता, हे त्यांनी आचाऱ्याला जाऊन सांगितलं. त्यानंतर आठवडाभर मामांच्या ताटात करपलेली भाकरी येत होती. तोही एक बाणच होता, पण तो त्यांच्या चित्रात आला नव्हता.

आमचे मॅनेजर भोसलेसाहेब. त्यांच्या रागाचीही वंशावळ होती. ती भिंतीवर काढायची सोय नव्हती, म्हणून तोंडी होती. केबिनमधला फोन वाढला की साहेबांचा आवाज वाढतो, आवाज वाढला की चहा कमी होतो. सकाळी मामा नुसतं कान देऊन ऐकत आणि म्हणत, "आज घरनं चहा पिऊन आला असाल तर बरं."

माझं लग्न ठरलं, तेही मामांच्या ह्याच विद्येवर. न्हावऱ्याला मुलगी बघून आलो होतो आणि मन होय-नाही करत होतं. शिक्षण, उंची, शेत, सगळं घरच्यांनी मांडून झालं होतं. मामांनी एकच विचारलं. "पोरीशी बोलाय बसलात, तवा तिचं बोलणं वाढत गेलं का घटत गेलं?"

मी आठवलं. "आधी नुसती हो-नाही करत होती. नंतर तीच मला विचारायला लागली, शिक्रापूरला पाणी कसं आहे म्हणून."

"मग बसलाय कशाला? होय म्हणून टाका."

ह्या सल्ल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बोलणं अजून वाढतंच आहे.

एक मात्र सांगायला हवं. एकाच गोष्टीला एक बाण वर ढकलतोय आणि दुसरा खाली, असं झालं की मामा सरळ हात वर करत. "खेचाखेची हाय," म्हणत. "कोण जिंकंल ते सांगता येत न्हाई. बघत बसायचं." माहीत नाही हे एवढ्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा माणूस मला त्या मिलमध्ये भेटला नाही. भोसलेसाहेबांना तर सगळंच माहीत असे.

मग आमच्याकडं नवं पॅनल आलं. काचेमागं लाल आकडे चमकणारं, बॉयलरमधलं पाणी स्वतः मोजणारं आणि पाण्याचा व्हॉल्व्ह स्वतःच उघडझाप करणारं. पाणी वाढलं की व्हॉल्व्ह बंद, पाणी घटलं की उघडा. ते बसवायला मी महिनाभर राबलो होतो. भोसलेसाहेबांनी त्याला नारळ फोडला. मामांनी हार घातला, लाल आकड्यांकडं थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्येला कालचं आठवतं का?"

"नाही मामा. हे आत्ताचं सांगतं."

"मग झोपंतनं उठलेल्या माणसागत हाय," ते म्हणाले आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

पंधरा दिवस सगळं नीट चाललं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर चिपाडाच्या दोन्ही हंड्यांना एकदम वाफ सोडली गेली. एरवी एका वेळी एकाच हंड्याला सोडायचा नियम. वाफ भसाभस जायला लागली आणि दाब पडायला लागला. मी पॅनलसमोर उभा होतो. पाण्याचा आकडा चढत होता. पन्नास, अठ्ठावन्न, पासष्ट. पॅनलनं आपलं काम केलं. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद होत गेला.

"व्हॉल उघडा," मागनं मामांचा आवाज आला.

"मामा, पाणी वाढतंय. आणखी सोडलं तर वाफेबरोबर पाणी लायनीत जाईल."

"पाणी वाढत न्हाई. फुगतंय."

"अहो, पॅनल सांगतंय. बॉयलरच्या काचेच्या नळीतही दिसतंय, बघा की."

"दोघं खरं बोलत्यात," मामा म्हणाले. ते स्टुलावरनं उठले होते, पण आवाज जराही चढला नव्हता. "पर मला सांगा, वाफ जास्त जायला लागली का?"

"हो."

"पाणी आत यायचं कमी झालं का?"

"हो. व्हॉल्व्ह बंद होतोय."

"जाणारं वाढलं, येणारं घटलं, आन् आतलं वाढलं? कुठनं वाढलं, साहेब? दूध उतू जातं तवा पातेल्यात दूध वाढतं काय?"

दाब पडला की उकळतं पाणी एकदम बुडबुड्यांनी भरतं. ते जागा जास्त घेतं, म्हणून नळीत वर चढलेलं दिसतं. पाणी मात्र असतं कमीच, आणि क्षणाक्षणाला आणखी कमी होत असतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. समोर घडताना मला ओळखता आलं नव्हतं.

मामांनी थांबून माझी परवानगी घेतली नाही. पॅनलचा खटका फिरवून त्यांनी यंत्र बंद केलं आणि हातानं व्हॉल्व्ह उघडला. एकदम उघडला नाही, थोडा थोडा, जखमेवर पाणी सोडावं तसा. मग हंड्यांवरच्या माणसाकडं बघून ओरडले, "एक बंद कर रं! एकच चालू ठेव!" त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. दाब सावरला, बुडबुडे बसले आणि नळीतलं पाणी सरसर खाली आलं. थांबलं तेव्हा तळाला बोटभर उरलं होतं. आगीसमोरच्या लोखंडी नळ्या तेवढ्यावर वाचल्या. दोन मिनिटं उशीर झाला असता, तर त्या कोरड्या तापून फुटल्या असत्या आणि मग मी हे सांगायला असतो की नाही, ही खेचाखेचीच होती.

मामांनी कपाळ पुसलं. "चहा सांगा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोसलेसाहेबांनी मला रिपोर्ट लिहायला सांगितला. पॅनल त्यांनी पास केलेलं, मी बसवलेलं. साहेब म्हणाले, "जे घडलं तेच लिही. फक्त पॅनलबद्दल उगाच काही नको." मी लिहिलं. 'चालू यंत्रणा ऑपरेटरने परवानगीशिवाय बंद केली. त्यानंतर पाण्याची पातळी किमान खुणेजवळ गेली.' दोन्ही वाक्यं खरी होती, आणि एकापाठोपाठ एक वाचली की मामांनीच बॉयलर कोरडा करायला काढला होता असं वाटत होतं. ते मला लिहितानाच कळलं होतं. तरी मी सही केली. नोकरी नवी होती आणि लग्न पुढच्या महिन्यात.

मामांना मेमो मिळाला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि पाण्याच्या नळीकडं बघत बसले. ते मला चार शब्द बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या गुरुवारी मी दौंडला गेलो. माफी मागायची होती आणि ती बॉयलर हाऊसमध्ये मागायचा धीर नव्हता. पत्ता विचारत विचारत मशिदीमागच्या गल्लीत पोचलो. मामा घरी नव्हते. दारातल्या खाटेवर एक बाई उशीला टेकून बसल्या होत्या. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला, पण डोळे मोठे मिश्कील.

"तुम्ही ते आकडेवाले साहेब ना?" त्या म्हणाल्या. "बसा. हे नेहमी सांगतात तुमचं. माणूस चांगला हाय, पण आकड्यात अडकलाय म्हणून."

ह्या जैतूनमामी. आजारी आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिलमध्येही कुणाला माहीत नव्हतं. थोड्या वेळानं मामा हातात पिशवी घेऊन आले. मला बघून चकित झाले, पण मामींनी त्यांना माझ्याशी बोलू दिलं नाही.

"क्या बोल्या डाक्टर?"

"सूज उतर री है," मामा चप्पल काढत म्हणाले. "भूक बी चढ री है, बोल्या."

मामी समाधानानं मागं टेकल्या. मामांनी स्वतः चहा केला. साखर कपात न घालता माझ्यासाठी बाजूला बशीत दिली आणि मामींना बिनसाखरेचा पाजला. चहा पिताना त्यांनी मामींना सांगितलं, की साहेब बॉयलरचं काहीतरी विचारायला आलेत. मेमोचं त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मला स्टँडवर सोडायला ते बरोबर निघाले. गल्ली संपल्यावर मी म्हणालो, "मामा, त्या रिपोर्टमध्ये मी..."

"तुम्ही लिवलेलं सगळं खरंच होतं की."

"म्हणूनच आलोय."

ते जरा हसले. रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्यांपाशी आल्यावर थांबले, इकडं तिकडं बघितलं आणि पिशवीतनं रक्ततपासणीचा कागद काढला. त्याच्या मागोमाग एक छोटी वही. वही उघडून माझ्यासमोर धरली. पानंच्या पानं आकडे. सरळ ओळीत, तारखा घालून, पॉइंटसकट.

"मामा, हे तुम्ही लिहिलंय?"

"पाढे तिसापर्यंत येत्यात मला," ते थोडे लाजून म्हणाले. "बापानं शिकवलं होतं."

"मग बॉयलरवर का..."

"तिथं लागत न्हाई. तिथं निघालंय कुठं ते कळलं, की हातानं फिरवता येतं." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "हे फिरवता येत न्हाई. पुण्याला रगत साफ करायचं मिशीन लावा म्हणला डाक्टर, ती न्हाई म्हणती. निघालंय कुठं ते मला कधीचं कळलंय, साहेब. किती दिसांत पोचतंय, ते आकड्याबिगर कळत न्हाई. लई डोकं लावलं, मला जमंना. तुम्ही रेघ ओढून बघा."

"मघाशी तर मामींना तुम्ही सूज उतरतेय म्हणालात."

"खोटं न्हाई सांगितलं. ह्या कागदात लई ओळी अस्त्यात. एखादी तरी बरी निघतीच. तेवढी तिला सांगतो."

मी पायरीवर बसलो. त्याच वहीच्या मागच्या पानावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि किडनीच्या आकड्याचे ठिपके देत गेलो. माणसं पुलावरनं ये-जा करत होती. मामा माझ्या डोक्यावर छत्री धरावी तसे उन्हाच्या बाजूला उभे राहिले होते. ठिपके जोडले. रेघ सरळ नव्हती, शेवटी शेवटी उभी होत गेली होती. शाळेतल्या मुलालाही वाचता आली असती.

"मामा," मी म्हणालो, "रजा टाका. उद्याच टाका."

"किती दिसांची?"

"मिळेल तेवढी."

त्यांनी वही मिटली आणि पिशवीत घातली. बस येईपर्यंत आम्ही उभे होतो, आणि ते मला माझ्या लग्नात मांडव कुठं घालणार, हे विचारत होते.

शुक्रवारी सकाळी मी नवा रिपोर्ट लिहिला. पाणी कसं फुगलं, पॅनल कसं फसलं आणि मीही कसा फसलो, सगळं लिहिलं. भोसलेसाहेबांचा आवाज चढला, चहा बंद झाला, पण रिपोर्ट वर गेला. महिन्याभरात पॅनलला वाफेचं मापही जोडलं गेलं. मेमो मागं घ्यायची पद्धत मात्र ऑफिसात नव्हती. म्हणून त्याच फायलीत त्या मेमोला टाचणीनं 'उत्तम कामगिरी'चं पत्र लावलं. मामांची रजा मंजूर झाली.

जैतूनमामी पुढं फार दिवस काढू शकल्या नाहीत. पण त्या दिवसांतले बरेचसे त्यांनी दौंडला काढलेच नाहीत. मामांची रजा सुरू झाल्यावर त्यांनी हट्ट धरला, की आठवड्याचे सहा दिवस तुम्ही राहता कुठं, ते मला दाखवा. इतक्या वर्षांत त्यांनी ती खोली पाहिली नव्हती. मामांनी जीपमध्ये गादी अंथरून त्यांना तळेगावला आणलं. येताना मिलच्या फाटकाशी जीप थांबवली. वॉचमननं काही न विचारता फाटक उघडलं. मामींनी जीपमधनंच बॉयलरकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, सवतीकडं बघावं तसं.

"काळी हाय," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. मामा सगळ्यात मोठ्यानं.

खोली मात्र त्यांना अजिबात पसंत पडली नाही. खिडकीला पडदा नाही, समोर रस्ता, माणूस इथं राहतो का जनावर, असं त्यांनी आल्या आल्या सुनावलं. त्या दिवशी तळेगावचा बाजार होता. मी शिफ्ट संपवून भाजी घ्यायला गेलो, तर कापडवाल्याच्या पालापुढं मामा उभे. एका हातात निळं कापड, दुसऱ्या हातात फुलाफुलांचं हिरवं.

"साहेब, बघा जरा. पडद्याला कुठलं घ्यावं?"

"मामींना काय आवडतं?"

"ते इचारलंच न्हाई कधी," मामा म्हणाले. दोन्ही कापडांकडं त्यांनी आळीपाळीनं बघितलं. "दोन्ही नेतो. तिलाच इचारतो."

कापडवाल्यानं घड्या घालायच्या आतच त्यांनी दोन्ही तुकडे काखेत मारले आणि गर्दीतनं वाट काढत खोलीच्या दिशेनं निघाले, मागं न बघता, जवळजवळ पळत.